कानिटकरांचे तेवीस पॉइंट

आयुष्यात मी फार थोड्या माणसांचा मनापासून तिरस्कार केला. त्यात प्रभाकर कानिटकरांचा नंबर बराच वर लागतो. माणूस वाईट नव्हता, असं आमच्या इंग्लंडातल्या स्लाऊच्या मराठी मंडळातले सगळे आजही म्हणतात. म्हणोत बापडे. वाईट माणसापासून निदान लांब राहता येतं. कानिटकर मदत करायला घरी यायचे.

माझ्या सासूबाई सांगलीहून पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हाची गोष्ट. मी ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीतल्या, एका पॅकेजिंग कंपनीत, डिस्पॅच ऑफिसात नोकरीला. ऐन गर्दीचे दिवस, रजा मिळेना. कानिटकर म्हणाले, ‘‘आईंना विंडसर मी दाखवतो. तुम्ही निर्धास्त राहा, शैलाबाई.’’ सकाळी दहाला ते त्यांना घेऊन गेले. अकराच्या सुमाराला मी सहज घरी फोन लावला तर सासूबाईंनीच उचलला. मला वाटलं, म्हातारीला गाडी लागली, अर्ध्यातून परत आणलं. छे हो! विंडसर झालं होतं. किल्ला, नदी, हंस आणि पहारेकऱ्याबरोबर फोटो असे चार पॉइंट, पार्किंगसकट अठ्ठेचाळीस मिनिटांत. संध्याकाळी सासूबाई मला हळूच म्हणाल्या, ‘‘अगं शैला, तो किल्ला होता, की किल्ल्याचं नुसतं फाटक?’’

पॉइंट हा कानिटकरांचा लाडका शब्द. महाबळेश्वरला जाऊन आलेल्या कुणाही मराठी माणसाला तो समजावून सांगायला नको. टॅक्सीवाला सांगतो, दिवसाला इतके इतके पॉइंट. आपण उतरतो, कठड्याशी जातो, दरी बघितल्यासारखं करतो, कणीस खातो, परत टॅक्सीत. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरचे विचारतात, तुमचे किती झाले? आमचे नऊ, तुमचे? बहुतेक लोक घरी आल्यावर हे विसरतात. कानिटकर विसरले नाहीत. त्यांनी सगळं जगच महाबळेश्वर करून टाकलं. पॅरिस सोळा पॉइंट. रोम एकोणीस, पण दोन दुरुस्तीसाठी बंद. स्कॉटलंडला पॉइंट कमी आणि मधली ड्राइव्ह फार, असं ते तोंड वाकडं करून सांगायचे.

नोकरीही त्यांना अशीच मिळाली होती. इस्टेटवरच्या एका कारखान्यात ते वर्क स्टडीत होते. म्हणजे काय, तर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून कामगाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि डब्याला झाकण लावायला त्याला किती सेकंद लागतात ते लिहायचं. मग त्यातले दोन सेकंद कसे वाचतील ते वरच्या साहेबाला सांगायचं. तीस वर्षं हे केलं. कारखान्यातली माणसं त्यांच्याशी कशी वागत असतील देव जाणे. रिटायर झाले तेव्हा कारखान्याने त्यांना एक काचेचं भांडं दिलं आणि स्टॉपवॉच ते आपलं आपणच घेऊन आले.

आणि मग ते घड्याळ मंडळाच्या मानगुटीवर बसलं. एका गणपतीत दर्शनाची रांग कम्युनिटी हॉलच्या बाहेर गेली म्हणून हे शहाणे मूर्तीच्या शेजारी घड्याळ घेऊन उभे राहिले. माणशी अकरा सेकंद. नमस्कार चार, बघणं चार, प्रसाद तीन. कॉव्हेंट्रीहून आलेली एक बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. बिचारीचं काय मागणं होतं कोण जाणे. कानिटकर तिच्या कानाशी म्हणाले, ‘‘झालं, चला.’’ ही त्यांची आरती, हेच त्यांचं पसायदान. झालं, चला. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाशी आपलं जमणार नाही. पण स्लाऊसारख्या गावात मराठी माणसं टाळून जाणार कुठे?

आणि अशा माणसाच्या घरात मंदाताई.

मंदाताई एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये होत्या, डिनर लेडी. बाईंना घाई नावाचा प्रकारच ठाऊक नव्हता. मेथी निवडायला बसल्या तर एकेक काडी हातात घेऊन बघायच्या. रस्त्यात कुणाच्या बागेत गुलाब दिसला की उभ्या. मुलांना ताट वाढताना प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारणार, गाजर नको का, बरं, मग मटार? त्यामुळे रांग तुंबायची आणि मुलं खूश असायची. या दोघांनी चाळीस वर्षं संसार कसा केला, हे मला कोडंच होतं. एकदा विचारलंही. हसून म्हणाल्या, ‘‘ते पुढे जातात, मी मागून पोचते. वाट तीच असते ना गं.’’

साठीच्या आसपास मंदाताईंना काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे कळला तेव्हा बराच पुढे गेला होता. त्यांची मुलगी अंजली लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. जन्म इकडचा, मराठी आपलं जमेल तसं. तिने मला फोन केला. ‘‘शैलामावशी, आईचा नजर जातोय. दोन्ही डोळे. दोन वर्षं maybe, maybe less. आई म्हणते मला क्यूबेकला जायचंय. बाबा मंडळाचा ट्रिप arrange करतायत, but you know him, तो तिला पळवणार. तू पण जा ना, please.’’

कॅनडातलं क्यूबेकच का, ते मला माहीत होतं. शाळेच्या किचनमध्ये मंदाताईंच्या जोडीला मिशेल नावाची एक बाई होती, त्या गावची. नऊ वर्षं दोघी समोरासमोर बसून बटाटे सोलायच्या आणि मिशेल तिच्या गावाचं वर्णन करायची. गाव उंच कड्यावर आहे. कड्याच्या काठाने लाकडी फळ्यांची लांबलचक वाट आहे, तिच्यावर बाकं आहेत आणि खाली सेंट लॉरेन्स नदी. संध्याकाळी तिथे बसलं की मोठाली जहाजं जाताना दिसतात, आणि मग अंधारून आलं की पलीकडच्या तीरावर एकेक करून दिवे लागतात. मिशेल म्हणे ते सांगताना बटाटा सोलायची थांबायची. मंदाताईंना तेवढंच हवं होतं. एक संध्याकाळ त्या बाकावर बसायचं, दिवे लागेपर्यंत. ‘‘बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल,’’ असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं.

कानिटकर म्हणाले, ‘‘वेडी आहेस का? एवढं अटलांटिक ओलांडून जायचं आणि बाकावर बसायचं? बाक काय स्लाऊला नाहीत?’’

फोनमध्ये कॅमेरे यायच्या आधीचा तो जून महिना. आम्ही चौदा जण निघालो, काही स्लाऊचे, काही कॉव्हेंट्रीचे. टोरांटो, नायगारा वगैरे करून शेवटी क्यूबेकला पोचलो. तिथे दोन दिवस. पहिल्या दिवशी सकाळी कोचमध्ये कानिटकरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. तेवीस पॉइंट, नंबर घातलेले, समोर मिनिटं. मंदाताई खिडकीशी माझ्या शेजारी बसल्या होत्या, कारण यजमान पुढे गाईडच्या शेजारी. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, कागद अगदी नाकाशी धरला आणि ओळीओळीने खाली उतरत गेल्या. शेवटी हसल्या.

‘‘आहे गं, घातलंय. तेवीस नंबर. नदीकाठची फळ्यांची वाट.’’

मी समोरचा आकडा वाचला. दहा मिनिटं. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

गाव म्हणाल तर देखणं. अजूनही भोवती तटबंदी आहे, दगडी वेशी आहेत, तिरप्या छपरांची जुनी घरं आहेत. कड्यावर एक हॉटेल आहे, किल्ल्यासारखं, हिरवट छपरांचं. ते इतकं मोठं की गावात कुठेही उभं राहा, कुठल्यातरी दोन घरांच्या मधून त्याचा एखादा मनोरा दिसणारच. खालच्या गावातून वरच्या गावात जायला एक तिरकी लिफ्ट आहे, काचेचा डबा रुळांवरून वर चढतो. कानिटकरांना सगळ्या क्यूबेकमध्ये ती लिफ्ट काय ती आवडली. दोन मिनिटांत वर! ते परत खाली जाऊन पुन्हा वर आले, घड्याळ लावून.

तटावर तोफा मांडलेल्या होत्या. तिथे सावलीला बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा खाल्ला. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, भूक लागली होती. मग मैदानावर गेलो. इंग्रज आणि फ्रेंच यांची तिथे लढाई झाली आणि त्या लढाईने देशाचं नशीब बदललं, असं गाईड सांगत होती. गाईड पोरगी मोठी गोड, इंग्रजी बोलताना फ्रेंच हेल काढायची. म्हणाली, प्रत्यक्ष लढाई फार वेळ चालली नाही, पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागला. कानिटकरांचा चेहरा उजळला. मागे वळून आम्हाला म्हणाले, ‘‘ऐकलंत? पंधरा मिनिटांत देश घेतला. आणि तुम्हाला चहा प्यायला पाऊण तास लागतो.’’

त्याच दिवशी मला मंदाताईंची खरी अडचण कळली. पहाऱ्याची अदलाबदल बघायला गेलो होतो. लाल डगल्यातले शिपाई, त्यांच्या उंच काळ्या केसाळ टोप्या, बँड, आणि सगळ्यांच्या बरोबर एक बोकड. खरंच बोकड, अंगावर झूल, शिंगांना सोनेरी मुलामा. आम्ही सगळे हसतोय आणि मंदाताई शिपायांकडे बघतायत. मी म्हटलं, ‘‘अहो, बोकड बघा की!’’ ‘‘कुठे गं?’’ मी त्यांची हनुवटी धरून मान वळवली. मग हळूहळू मान हलवत त्यांनी तो बोकड बघितला. आधी शिंगं, मग दाढी, मग झूल, मग खूर. आणि लहान पोरीसारख्या हसत सुटल्या.

‘‘शैला, मला आता एका वेळी ताटाएवढंच दिसतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकीचं मनात जोडून घ्यावं लागतं. लहान वस्तू असेल तर पटकन होते. मोठं काही असेल तर वेळ लागतो बाई.’’

‘‘कानिटकरांना माहीत आहे?’’

‘‘माहीत आहे ना. पण त्यांना वाटतं, मी मुळातच हळू आहे.’’

तेवढ्यात मागून आवाज आलाच. झालं, चला.

यापुढचं सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं. प्रत्येक पॉइंटला फोटो, हा कानिटकरांचा नियम. आणि फोटोत माणूस हवाच. ‘‘नुसत्या दगडांचे फोटो पोस्टकार्डावर मिळतात. आपण तिथे गेलो होतो हे कसं कळणार?’’ आता हे आपल्या सगळ्यांचंच दुखणं आहे. माझ्या घरच्या आल्बममध्येही मी ताजमहालाकडे पाठ करून दात काढत उभी आहे. पण आमचे डोळे शाबूत होते हो! फोटो झाल्यावर वळून बघायला काय लागतं? कानिटकर मंदाताईंना कठड्याशी नेऊन उभं करायचे, तोंड स्वतःकडे, पाठ पॉइंटकडे. मग चष्मा काढ, पदर सारखा कर, हस, इकडे बघ, इकडे, माझ्याकडे. चार मिनिटांच्या पॉइंटमधली अडीच मिनिटं त्यात जायची. उरलेल्या दीड मिनिटात त्या वळून बघायला लागल्या की जेमतेम एक कोपरा व्हायचा. वेशी, चर्च, ते किल्ल्यासारखं हॉटेल, सगळ्या ठिकाणी हेच. ज्या बाईचे डोळे जायला लागले होते, तिला घेऊन जग दाखवायला निघालेला हा गृहस्थ तिला जगाकडे पाठ करून उभं करत होता.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर धबधब्याला गेलो. नायगाराहून उंच, तेवढा रुंद नाही. कड्यावरून सरळ खाली पडतो आणि वरून टांगता पूल जातो. मंदाताई कठड्याशी गेल्या आणि त्यांनी वरून सुरुवात केली. कड्याची धार, पाणी वळतं ती जागा, मग हळूहळू मान खाली. पाण्याबरोबरच उतरत होत्या. निम्म्यावर आल्या असतील नसतील, खांद्यावर हात पडला.

‘‘मंदा, वळ. ऊन बरोबर आहे.’’

‘‘मला बघू द्या हो. अर्धाच झालाय.’’

‘‘फोटोत सगळा येणार आहे. घरी जाऊन सावकाश बघ.’’

मंदाताईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. कसं, ते मला सांगता येणार नाही. घरी जाऊन फोटो येईपर्यंत तिला तो धबधबा दिसेल की नाही, हा विचार त्या माणसाच्या डोक्यात शिरला नव्हता. बाई मुकाट्याने कठड्याला टेकल्या. पदर सारखा केला. हसल्या. मला वाटलं, कॅमेरा हिसकून खाली पाण्यात फेकावा.

त्या सकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत कानिटकर आणि मी दोघंच टोस्टरपाशी उभे होतो, तेव्हाच खरं तर मी त्यांना बोलून घेतलं होतं. म्हटलं, ‘‘कानिटकरसाहेब, मंदाताईंना जरा दम घेऊ द्या. थोडे पॉइंट गाळा.’’ ते टोस्टला लोणी लावत होते. चटकन म्हणाले, ‘‘शैलाबाई, मी बसून काढलंय. दोन वर्षं. वर्षाला दोन सहली, सहलीला पन्नास पॉइंट. दोनशे होतात. एकही गाळला तर एकशे नव्व्याण्णव.’’ मग थोडा वेळ लोणीच लावत राहिले. टोस्टला भोक पडलं तरी लावत होते. ‘‘कमी वेळात जास्तीत जास्त कसं बसवायचं, एवढंच मला येतं. दुसरं काय करू तिच्यासाठी?’’

मला दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला बोलू? रागच आला. बायको आंधळी होणार म्हणून हा माणूस रडण्याऐवजी टाइमटेबल करत होता, आणि वर माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा करत होता. मी कॉफी घेतली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तेविसावा पॉइंट आला. फळ्यांची वाट मिशेलने सांगितली होती तशीच. खाली नदी, रुंद, शांत, तिच्यावर तिरपा उजेड. मंदाताईंनी फोटोसाठी वळायला साफ नकार दिला. थेट एका बाकावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि डाव्या टोकापासून नदी बघायला लागल्या. दहा मिनिटं झाली. कानिटकर म्हणाले, झालं, चला. त्या उठल्या नाहीत.

‘‘अगं, सव्वाआठची जेवणाची वेळ दिलीये. तिकडे पोचायला अर्धा तास.’’ गावाबाहेर एक देशी रेस्टॉरंट त्यांनी हुडकून काढलं होतं.

‘‘तुम्ही जा. मी बसते.’’

‘‘एकटी? डोळ्यांनी दिसत नाही आणि एकटी बसते!’’

‘‘दिसतंय,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘आत्ता दिसतंय म्हणूनच बसलेय. दिवे लागू देत, मग येते.’’

जूनमधला उजेड तो. दिवे लागायला अजून तास-दीड तास तरी होता. बाकीचे अकरा जण कोचशी जाऊन उभे. कॉव्हेंट्रीच्या एका गृहस्थांना डायबेटिस, त्यांना वेळेवर जेवण हवं. त्यांची बायको मोठ्याने कुरकुरायला लागली. ड्रायव्हर हातावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होता. कानिटकर माझ्याकडे आले. घामाघूम झाले होते. ‘‘शैलाबाई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती.’’

आता इथे मी काय केलं ते सांगते. मी म्हणायला हवं होतं, तुम्ही सगळे जा, मी बसते त्यांच्याजवळ, आम्ही टॅक्सीने येऊ. दोन वाक्यांचं काम. पण मलाही भूक लागली होती. पाय दुखत होते. चौदा माणसांत वाईटपणा नको होता. आणि दिवे काय, स्लाऊलाही लागतात, असं मलासुद्धा एक क्षण वाटलं. हो, वाटलं! मी बाकापाशी गेले, मंदाताईंचा हात धरला आणि म्हटलं, ‘‘चला हो मंदाताई. उद्या येऊ.’’

उद्या सकाळी सातला आम्ही क्यूबेक सोडणार होतो. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

‘‘तू म्हणतेस तर चल,’’ असं म्हणून त्या उठल्या. नदी उजव्या टोकापर्यंत झाली होती की नाही, मी विचारलं नाही. कोचमध्ये कानिटकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘सतरा मिनिटं! एका बाकावर!’’ लोक हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि जेवणात मला चव लागली नाही.

ऑक्टोबरात हॉलमध्ये सहलीच्या फोटोंचा कार्यक्रम झाला. कानिटकरांनी स्लाइड्स करून आणल्या होत्या, हातात लांब काठी. पॉइंट एक, वेस. पॉइंट दोन, तोफा. पडद्यावर मंदाताई, मागे वेस. मंदाताई, मागे तोफा. खऱ्या मंदाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तोपर्यंत ताटाची वाटी झाली होती. त्या पडद्याच्या दिशेने चेहरा करून होत्या एवढंच. अंजली लीड्सहून आली होती, आईच्या शेजारी. आठ-दहा स्लाइड्स झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, ‘‘बाबा, प्रत्येक फोटोत आई wrong way बघतेय.’’

‘‘अगं, कॅमेऱ्याकडे बघतेय,’’ कानिटकर म्हणाले.

‘‘हो ना. मग तिने बघितलं कधी?’’

 कानिटकरांनी पुढची स्लाइड लावली. मंदाताई, मागे लिफ्ट. त्याच्या पुढची. मंदाताई, मागे धबधबा. काठी वर उचलली ती तशीच राहिली. किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. मग त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, म्हणाले, बटाटेवडे गार होतील, आणि आत निघून गेले. मंदाताई अंजलीला विचारत होत्या, ‘‘का गं, थांबले का?’’ त्यानंतर कानिटकरांनी मंडळाची सहल काढली नाही. दोनशेचं काय झालं, ते मी विचारलं नाही. मला आनंद झाला होता. चांगली अद्दल घडली, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा.

मंदाताईंची नजर दोन वर्षंही टिकली नाही. अंजलीने दोघांना लीड्सला न्यायचं ठरवलं. ते जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं बघितलं.

दुपारचे चार-साडेचार. मी ऑफिसातून निघाले होते. आमच्या गेटसमोरच्या बसस्टॉपवर दोघं उभे होते. मंदाताईंच्या हातात पांढरी काठी, दुसरा हात नवऱ्याच्या कोपरात. कानिटकर बारीक झाले होते. डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून रोज इस्टेटवरून एक फेरी मारतो, म्हणाले. मी मंदाताईंच्या हाताला हात लावून, मी शैला, असं सांगितलं. काठी मनगटाला अडकवून त्यांनी माझा हात धरून ठेवला. कानिटकर तेवढ्यात समोर बघत, ठासून एकेक शब्द बोलायला लागले. कामगाराच्या पाठीशी उभे राहून लिहीत असतील, त्याच सुरात.

‘‘समोर गोदाम आहे. मोठं. निळं. दोन लॉऱ्या लागल्यात. एक फोर्कलिफ्ट.’’

‘‘कसलं निळं?’’ मंदाताईंनी विचारलं.

‘‘कसलं म्हणजे? निळं.’’

‘‘अहो, निळं पुष्कळ असतं. माझ्या अबोली काठाच्या साडीसारखं, का शाईसारखं? का शाळेच्या युनिफॉर्मसारखं?’’

 बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. कानिटकरांनी त्याला हाताने, जा, असं केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी चुकवताना बघत होते. ते डोळे बारीक करून त्या भिंतीकडे बघत राहिले. मान डावीकडून उजवीकडे गेली, मग वरून खाली. शाई नाही, ते म्हणाले. साडीही नाही. वर वेगळं आहे आणि खाली वेगळं. मग अडले.  मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बघा आता, बसा शोधत. अशी मी.

एकाएकी त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. चेहरा अगदी केविलवाणा.

‘‘शैलाबाई, तुम्ही सांगा हो. रोज बघता तुम्ही. कसलं निळं आहे हे?’’

अकरा वर्षं मी त्या गोदामाच्या समोर नोकरी करत होते. माझी खुर्ची खिडकीशी होती. मी मान वर करून बघितलं आणि मला काही सांगता येईना. त्याला वरच्या बाजूला खिडक्यांची एक रांग आहे, हेही मला त्या दिवशी कळलं. मला लाज वाटली. कानिटकरांसमोर मला लाज वाटेल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मंदाताईंनी दोघांचे हात घट्ट धरले होते. चेहरा त्या भिंतीकडेच होता.

‘‘बघा सावकाश,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी थांबते.’’